तांबूची आया

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला लोकांचं बरंच काही न विचारता कळतं. कोणाची साखर वाढली, कोणाला झोप लागत नाही, कोणाच्या घरी नवं बाळ आलं. मी कोणाला सांगत नाही, पण कळतं. भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी माझं दुकान. वर चाळी, चाळींच्या वर झोपड्या, आणि मधून दीडशेच्या वर पायऱ्या. त्या पायऱ्यांवरची निम्मी माणसं मला नावाने कमी आणि गोळ्यांनी जास्त ओळखू येतात.

आमच्या परबकाकू, म्हणजे शेवंती परब, माझ्या लेखी रोज एक कॅल्शियमची गोळी आणि अर्धी रक्तदाबाची. पंधरा गोळ्यांची पट्टी, पंधरा दिवस. यात तीन वर्षं कधी फरक पडला नव्हता. गेल्या हिवाळ्यात काकू आठव्याच दिवशी कॅल्शियमची नवी पट्टी मागायला आल्या. पुढच्या वेळी सहाव्या दिवशी. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, की गोळ्या खाताय का फुटाणे? मुतखडा होईल अशाने. काकूंनी काउंटरची कड धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की गोळी त्या घेतच नाहीत. गोळी तांबू घेते.

तांबू म्हणजे कोंबडी. काकूंच्या खोलीमागे डोंगराला लागून हातभर जागा आहे, तिथे पत्रा आणि जाळी लावून केलेल्या खुराड्यात त्यांच्या चार गावठी कोंबड्या असायच्या. काकूंचे यजमान, परबकाका, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात रखवालदार होते. त्यांना कोकणातल्या गावाची फार आठवण यायची आणि गावाला जाणं काही व्हायचं नाही, म्हणून त्यांनी कोंबड्या आणल्या. काका तीन वर्षांपूर्वी गेले. कोंबड्या राहिल्या.

मी रागावलो, ते आधी सांगून टाकतो. बाईमाणसाची हाडं ठिसूळ होतात म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध ही बाई कुटून कोंबडीच्या भातात कालवते, याला काय म्हणायचं? पण काकू शांतपणे सांगत राहिल्या. दिवाळीपासून कोंबड्या मऊ अंडी घालायला लागल्या होत्या. कवच नाहीच, नुसता पातळ पापुद्रा, हातात घेतलं की आतलं हलतं. मग एका कोंबडीच्या पोटात अंडं अडलं. शेजारच्या म्हातारीने मदत म्हणून पोट दाबलं, अंडं आतच फुटलं, आणि दोन दिवसांनी कोंबडी मेली. दुसरी तशीच पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहिली आणि एका सकाळी उठलीच नाही. तिसरी, कोणी न दाबता, माघात गेली. आता एकटी तांबू होती.

"माझ्या हाडांना गोळी चालते, तर तिच्या अंड्याला का नाय चालायची, सुबोध?" काकूंनी मला विचारलं.

इथे काकूंबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी एकतीस वर्षं प्रसूतिगृहात आयाचं काम केलं. आमच्या टेकडीवरची चाळिशीच्या आतली कितीतरी माणसं पहिल्यांदा त्यांच्या हातात रडली आहेत. मीसुद्धा त्यातलाच, असं त्या म्हणतात. मला अर्थात आठवत नाही. पण नोकरी सुटून आठ वर्षं झाली तरी त्यांचं बोलणं वॉर्डातलंच राहिलं. कोंबडी 'अडली' की 'मोकळी झाली', याच्यापलीकडे त्यांच्याकडे शब्द नाहीत. आणि त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी मला अनेकदा ऐकवला होता: डॉक्टर येऊ दे, नर्स जाऊ दे, अडलेल्या बाईला आयाने एकटं सोडायचं नाही. औषध तिच्या हातात नसतं, पण बसणं असतं.

असं दुसऱ्यांजवळ बसण्यात आयुष्य गेलेल्या या बाईजवळ बसायला आता कोणी नव्हतं. मुलगा आहे, हर्षद. बोरिवलीला असतो, चांगल्या नोकरीत आहे, बायको श्वेता, एक मुलगी. त्याआधीच्या वर्षी तो आईकडे आला होता तेव्हा त्याची मुलगी मागच्या बाजूला घसरून कोंबड्यांच्या घाणीत पडली. हर्षद चिडला. या कोंबड्या काढ, नाहीतर मी पाय ठेवणार नाही, म्हणाला. काकूही कमी नाहीत. नको ठेवू, म्हणाल्या. दोघांनी आपापला शब्द पाळला. काका असते तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. मधे चौदा महिने गेले.

गोळ्यांचा हा प्रकार कळल्यावर मी तिथेच, काकूंसमोर, माझ्या वर्गमित्राला, किरणला, फोन लावला. तो गुरांचा डॉक्टर आहे. आधी तो पोटभर हसला. मग त्याने एकच प्रश्न विचारला, की दिवाळीच्या आधी बाई कोंबड्यांना काय घालत होती, आणि आता काय घालत नाही.

मी फोन कानाला धरूनच काकूंना विचारलं. तांदूळ, कोंडा, उरलेली भाकरी, भाजीचे देठ, सगळं तेच होतं. बदललं काहीच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, एक डबा होता, तो संपला. काकांचा डबा. दर रविवारी काका बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले लहान शिंपले, आणायचे. काकू विळीवर बसून एकेक तिसरी उघडायच्या, सुकं करायच्या, आणि टाकायच्या शिंपल्या काका चुलीवर भाजून खलात कुटून डब्यात भरायचे. कोंबड्यांच्या दाण्यात रोज मूठभर. काका गेले तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता. काकूंनी तो जपून जपून, चिमूट चिमूट घालत पुरवला, आणि दिवाळीच्या सुमाराला तळ लागला.

"मग नव्या शिंपल्या का नाही कुटल्या?" मी विचारलं.

"तिसऱ्या आणल्याच नाय. एकट्यासाठी कोण काढीत बसतला?"

खरं आहे. ज्याने कधी तिसऱ्या केल्यात त्याला विचारा. शंभर शिंपल्या उघडा तेव्हा वाटीभर हाताला लागतं. ते काम समोर जेवणारा कोणी असेल तरच होतं. एकट्या बाईचं आमटी-भातावर भागतं, आणि काकूंचं तीन वर्षं तसंच भागलं होतं. किरण फोनवर म्हणाला, बस, तिथेच गोम आहे, कवचाला चुना कुठून येणार? शिंपल्यांचा चुरा दे, सकाळचं ऊन दे, आणि अडलीच तर कोमट पाण्यात बसव, व्हॅसलीन लाव, पोट मात्र कोणी दाबू नका. कोंबड्यांसाठीचं पातळ कॅल्शियम मिळतं, त्याचंही नाव सांगितलं.

मी हे सगळं काकूंना सांगितलं आणि सांगितल्यावर वाटलं, निम्मं गाळायला हवं होतं. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. गिऱ्हाइकं त्यांच्या बाजूने चढत-उतरत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, की म्हणजे तीन कोंबड्या आपण मारल्या. मी म्हटलं, काकू, कोंबड्या आहेत त्या, कोर्टात खटला नाही चालायचा. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून काकू शिंपल्या गोळा करायला लागल्या. दारोदार जाऊन विचारायच्या, तिसऱ्या केल्यात का? शिंपल्या टाकू नका. पूर्वी आमच्या टेकडीवर रविवारी दुपारी दर दोन घरांआड तो वास यायचा. आता पोरांना फ्राय केलेलं चिकन लागतं, सुनांना नोकरीवरून आल्यावर विळी घेऊन बसायला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर वेळ असला तरी कशाला बसतील? दहा दारं फिरून काकूंना दोन घरच्या शिंपल्या मिळायच्या. माझ्या बायकोने, माधुरीने, एका रविवारी मुद्दाम तिसऱ्या केल्या. मी शिंपल्यांची पिशवी वर नेऊन दिली तर काकूंनी त्या एकेक करून पाहिल्या, जसं काही मी पिशवीत सोनं आणलंय.

एकदा काकूंनी स्वतःच तिसऱ्यांचा एक वाटा, म्हणजे अख्खा ढीग, आणला. बाजारात तिसऱ्यांचा वाटा अर्धा मिळत नाही. सुकं केलं, चमचाभर खाल्लं आणि बाकीचा डबा माझ्याकडे पाठवला. सोबत निरोप, की चव बघ, बिघडलीय वाटतं हाताची. बिघडली नव्हती. माधुरीला तसं करता येत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

महिन्याभराने तांबूचं अंडं जरा कडक झालं. कडक म्हणजे धरण्याइतपत. काकू ते दाखवायला दुकानात घेऊन आल्या, मी टॉर्च लावून पाहिलं. त्याच आठवड्यात हर्षदचा फोन आला. त्याने बोरिवलीत नवा फ्लॅट घेतला होता, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वास्तुशांत होती. आई, तू यायचंच, म्हणाला. कोंबड्यांचं नाव काढलं नाही. भांडुपातल्या भावकीसाठी मिनीबस केली होती, साडेनऊला आमच्या नाक्यावरून सुटणार.

काकूंनी ही बातमी मला एका दिवसात तीनदा सांगितली. माणूस इतका खूश झालेला पाहिला की आपल्याला उगाच भीती वाटते. तांब्याचा कलश घेतला, घासून चकचकीत केला. गुडघ्याला लावायचं मलम घेतलं, कारण तिथे सगळ्यांसमोर लंगडत चालायचं नव्हतं. नातीशी काय बोलायचं ते माझ्या बायकोला विचारून गेल्या. हा दिवस हातचा जाता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. चौदा महिन्यांनी उघडलेलं दार होतं ते.

त्या रविवारी सकाळी नऊला काकू दुकानात आल्या. हिरवी रेशमी साडी, केसात अबोली, हातात कलशाची पिशवी. पण तोंड उतरलेलं. तांबू पहाटेपासून अडली होती. शेपटी खाली टाकून, पिसं फुगवून उभी होती, कळा देत होती आणि काही होत नव्हतं. काकूंना व्हॅसलीन हवं होतं आणि ते पातळ कॅल्शियम.

मी दिलं. आणि मग मी जे बोलायचं तेच बोललो. काकू, जा तुम्ही, बस सुटेल. कोंबडी आहे ती, जगली तर जगेल. तुमच्या मुलाने बोलावलंय. त्यांनी मान डोलावली. मी बसतो तिच्याजवळ, तुम्ही जा, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. रविवारी दुकान दीडपर्यंत असतं, गर्दी असते, अशी कारणं माझ्याकडे होती. तेव्हा ती मला पुरेशी वाटली.

नाक्यावर मिनीबस उभी होती. काकू बसच्या दारापर्यंत गेल्या. आत शकुवहिनी, त्यांच्या भावकीतल्या, खिडकीपाशी जागा धरून बसल्या होत्या. काकू त्यांना काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, चढतायत. तर त्या मागे वळल्या आणि पायऱ्या चढायला लागल्या. तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते, असं शकुवहिनींना सांगितलं होतं म्हणे. बस गेली.

दीडला शटर ओढून मी वर गेलो. दार उघडंच होतं. काकू रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मोरीच्या तोंडाशी बसल्या होत्या. समोर प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी, पाण्यात तांबू मानेपर्यंत फुगून बसलेली, आणि काकूंचा एक हात तिच्या पाठीवर. दर अर्ध्या तासाने पाणी बदलत होत्या. मधे कोरडं करून, गोणपाटाखाली अंधारात ठेवून, पुन्हा पाण्यात. चोचीच्या कडेने औषधाचे थेंब. पोटाला हात लावत नव्हत्या.

"बस गं बाय. घाई नाय. येतला ता, येतला," असं चाललं होतं. ते मला उद्देशून नव्हतं.

मी बाजूला बसलो. काकूंनी मला एकच काम सांगितलं. फळीवरचा मोबाईल चालू आहे का बघ. चालू होता. आवाज मोठा आहे का? मोठा होता. तरी त्यांची खात्री पटेना, म्हणून मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. खणखणीत वाजला. तांबू दचकली.

"आता येतलो फोन," काकू म्हणाल्या. सकाळपासून तेच म्हणत असणार. मग त्यांनी मला सांगितलं की सगळं खरं सांगायचं ठरवलंय. तो रागावणार. कोंबडीपायी आलीस नाहीस, म्हणणार. पुन्हा वर्षभर बोलणार नाही. सकाळी बसच्या दारात हे सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं होतं, आणि तरी पाय उचलला नाही. एकतीस वर्षांत कधी केलं नाही ते आज करवलं नाही. मी म्हटलं, तो समजून घेईल. मला तशी काही खात्री नव्हती.

दोन वाजले, अडीच, तीन. फोन वाजला नाही. होम असेल, मी म्हटलं. मग पंगती असतील. काकू दर वेळी मान डोलवायच्या. आमटी-भात मला वाढला, स्वतः काही खाल्लं नाही.

साडेतीनच्या सुमाराला तांबूने मान लांब केली, अंग आखडलं, आणि काकूंच्या तळहातावर अंडं आलं. एका टोकाला खरखरीत, दुसऱ्या टोकाला अजून जरा मऊ, पण अख्खं. कुठे फुटलेलं नाही, आत काही राहिलेलं नाही. काकूंनी दोनदा तपासलं. तांबू पाच मिनिटं पडून राहिली, मग उठली आणि वाटीतलं पाणी प्यायली. मला, एका औषधवाल्याला, इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते ओल्या हाताने पुसत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पदर सारखा केला. फोनवर बोलायला पदर सारखा करणारी बाई.

"आई, पोचलीस ना नीट?" हर्षदचा आवाज दमलेला, पण आनंदात होता. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका. "सॉरी गं, तुझ्याशी धड बोलता पण आलं नाही. होमाला बसलो ते एक वाजेपर्यंत उठताच आलं नाही. दोनदा विचारलं, आई कुठाय, तर म्हणाले आत आहे, वाढायला मदत करतेय. तू पण ना. जरा पाहुण्यासारखं बसायचं की. जेवलीस ना तरी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हाताने मला थांबवलं.

"जेवले रे. पोटभर जेवले."

"बासुंदी कशी होती? श्वेताने ठरवली होती."

"छान होती. तिला सांग, छान होती म्हणून. आणि घर चांगलं आहे रे तुझं. उजेड आहे."

"हो ना? सगळे तेच म्हणाले. चल, माणसं आहेत अजून, ठेवतो."

फोन बंद झाला. मला संताप आला. सत्तर-ऐंशी माणसांच्या घरात आई नाही, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये? आयुष्यभर प्रत्येक कार्यात ही बाई आत, स्वयंपाकघरात, म्हणून आजही आतच असणार, हे सगळ्यांनी धरून चालायचं? मी परत त्याचा नंबर लावायला घेतला. म्हटलं, मी सांगतो त्याला, तुम्ही नका बोलू.

काकूंनी माझं मनगट धरलं. एकतीस वर्षं बायकांना धरून ठेवलेला हात, अजून घट्ट आहे. म्हणाल्या, नको. त्याच्या घराचा दिवस आहे. आपण आईला पाहिलंच नाही हे त्याला कळलं तर जन्मभर मनात ठेवेल.

मग त्यांनी माझं मनगट सोडलं. तांबू दाराच्या उन्हात जाऊन पिसं झाडत होती. काकू तिच्याकडे बघत होत्या.

"तो चौदा महिने रागावलो होतो, सुबोध," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी तिथे नाय, ह्या तरी तेका ठाऊक होता."